तीन दारांची मोटार

माझ्या घरमालकांच्या मोटारीला तीनच दारं होती. चौथ्या दाराच्या जागी, म्हणजे मागच्या सीटच्या डाव्या बाजूला, नुसतं भगदाड होतं. मूल गावच्या बाजारातून ती मोटार निघाली की धानाची पोती उतरवणारे हमाल हातातलं काम थांबवून बघायचे. खेड्यावरून आलेला एखादा हमखास विचारायचा, "या मोटारीचं दार कुठी पडलं जी?" गावातले लोक त्याला डोळ्यांनी दटावायचे. त्या प्रश्नाचा मला फार राग यायचा. का यायचा ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. आता घरमालकांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि मीही सुईत दोरा ओवता न येणारी म्हातारी झाले, तेव्हा सांगायला हरकत नाही.

पन्नासनंतरची ती वर्षं. चांदा जिल्हा, म्हणजे आताचा चंद्रपूर, तेव्हा पार सिरोंच्यापर्यंत एकच होता आणि त्यात रस्त्यांपेक्षा जंगल जास्त. नवरा गेल्यावर मी नागपूरला जाऊन नर्सिंग शिकले आणि नेमणूक मिळाली ती मूलच्या दवाखान्यात. दवाखान्याला डॉक्टर होते, पण कधी पटकीच्या साथीला, कधी देवीच्या टोचणीला, असे ते कायम बाहेरच. अडलेली बाळंतीण आली की मी आणि माझे दोन हात. ते भागेना तर चांद्याचा मोठा दवाखाना, आणि आगगाडीची वेळ नसली की चांद्याला पोचवायला गावात एकच साधन होतं. घरमालकांची मोटार.

खोली बघायला गेले तो दिवस चांगला आठवतो. चैत्र लागला होता, उन्हाने अंग भाजत होतं, आणि हे गृहस्थ ओसरीवर कानाला मफलर गुंडाळून बसलेले. एकट्या विधवा बाईला खोली द्यायची म्हणजे लोक शंभर चौकशा करत. यांनी माझी जात विचारली नाही, माहेर विचारलं नाही. एवढंच विचारलं, "बाई, तुमाले खिडकी उघडी ठेवून झोपाची सवय आहे का?"

मी म्हटलं, "आहे."

"मंग जमणार नाई." आणि ते उठून आत निघाले.

दारात त्यांची मुलगी उभी होती. वच्छला नाव, सगळे वच्छीच म्हणायचे. पंधरा-सोळा वर्षांची असेल. ती हसत म्हणाली, "बाबा, थे नर्सबाई होय. दवाखान्यातल्या. राहू द्या ना."

"नर्सबाई होय का?" ते वळले. मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. "मंग राहा. पण मावळतीकडची खिडकी बंद."

त्या खिडकीवरून आमची जी जुंपली ती पुढे कायम राहिली. मी खिडकी हळूच उघडायची आणि त्यांनी बाहेरून काठीने ती लोटून द्यायची. काठीची टक्क वाजली की मी आतून ओरडायची, "भाऊ, मी भाडं देते!" बाहेरून उत्तर यायचं, "भाडं खोलीचं देता. वाऱ्याचं नाई देत."

वाऱ्याचं त्यांना वेड होतं. वेड म्हणजे धास्ती. वाऱ्याला ते सहसा नावाने बोलावत नसत, नुसतं 'तो' म्हणत. "आज तो सुटला." "तो आत शिरला कोठून?" ओसरीवर बसून विडी ओढायची ती ओढण्यासाठी कमी आणि धूर कुठे वळतो ते बघण्यासाठी जास्त. धूर जिकडे कलला तिकडे उठून जायचं आणि भिंतीतली भेग शोधून तिच्यात चिंधी कोंबायची. छपराच्या कवेलूंच्या सांदीत धानाचं तणस, दारांच्या फटीत गोणपाट. चुलीचा धूर निघून जायलाही जागा राहिली नव्हती. वच्छी डोळे पुसत भाकरी थापायची आणि मला म्हणायची, "आमच्या घरात धूर राहते बाई, वारा नाई राहत." घरमालक ऐकत असायचे, पण तिच्या बोलण्याचा त्यांना कधी राग आला नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आगीले पानी हाये, सापाले मंतर हाये, वाऱ्याले काईच नाई." हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की पुढे पुढे ते 'आगीले' म्हणाले की मीच बाकीचं पुरं करायची.

हे सगळं कशापायी ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पूर्वी ते आलापल्लीकडे एका लाकडाच्या ठेकेदाराची लॉरी चालवत. बायको तिकडेच, जंगलातल्या गावात बाळंत झाली. वच्छी झाली आणि बायकोचं बिघडलं. लॉरी बदली ड्रायव्हर सागवान भरून बल्लारशाला घेऊन गेलेला. पुसाचे, कडाक्याच्या थंडीचे दिवस, बैलगाडीला वर बांबूचा तट्ट्याही नव्हता. तिला घोंगडीत गुंडाळून निघाले. रस्त्यात वारा सुटला. "पांढरीफट पडली जी," ते म्हणाले. "हातपाय थंडगार. पानी पानी करे. आन् उजाडाच्या आत गेली. ओल्या बाळंतिणीले वारा लागला ना."

मी त्यांना तेव्हाच स्पष्ट सांगितलं, "भाऊ, हे वाऱ्याचं नाही. ही लक्षणं रक्त गेल्याची. घोंगडी काढून पाहिली असती तर दिसलं असतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी शिकल्या तसं सांगता. थे मी पाह्यलं बाई. तुमी नाई पाह्यलं." आमच्या भागात बाळंतिणीला वाऱ्याची भीती सगळ्यांनाच. अंधाऱ्या खोलीत ठेवतात, कान बांधतात, बाजेखाली शेगडी पेटवतात. घरमालकांनी ती भीती जरा जास्त धरली होती, इतकंच लोक म्हणत.

साहेब लोक देश सोडून निघाले तेव्हा जंगलखात्याच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याची मोटार त्यांनी घेतली. काळी, बसकी, जडशीळ मोटार. हौस म्हणून नाही घेतली. ती चहूबाजूंनी बंद होती म्हणून घेतली. वर लोखंडी छत, चार दारं, चार काचा. लॉरी उघडी, जीप उघडी, बैलगाडी उघडी. पण या मोटारीत बाळंतीण नेली तर 'तो' तिला हात लावू शकणार नाही, असा त्यांचा हिशेब. गावोगावच्या बायांना त्यांनी त्या मोटारीतून चांद्याला नेलं आणि त्याबद्दल कुणाकडून काही घेतलं नाही. काचा कुणी उघडू नये म्हणून हँडलं काढून डब्यात टाकली होती, स्वतःच्या बाजूचंसुद्धा. उन्हाळ्यात त्या मोटारीत बसणं म्हणजे जिवंतपणी भट्टीत बसणं. मी शेजारी बसून घामाने निथळत असायची आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या मोजायची. तरी सांगते, त्या मोटारीने किती बाया वाचवल्या ते मला ठाऊक आहे.

एकच दार त्यांच्या ऐकण्यातलं नव्हतं. मागचं डावं. त्याची कथा जरा नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

साहेबाच्या वेळी कधी तरी ते दार उघडं असताना मोटार मागे घेतली गेली आणि दार ऐनाच्या झाडाला अडकलं. पत्रा ठोकून सरळ झाला, पण काचेभोवतीची चौकट वरच्या अंगाने बाहेर कलली ती कललीच. दार लावलं तरी चौकटीचा वरचा कोपरा छतापासून सुटा राहायचा. करंगळी जाईल एवढी फट. मोटारीने वेग घेतला की तिथून शीळ वाजायची. बाकीच्यांना ती ऐकूही येत नसे. घरमालकांच्या मानेवरचे केस उभे राहत, ते मी मागच्या सीटवरून पाहिलं आहे.

ती चौकट दाराच्या पोटात खालच्या बाजूला बोल्टांनी आवळलेली होती. तिथवर पोचायचं तर दाराचं आतलं अस्तर उतरवायला लागायचं. मग बोल्ट ढिले करायचे, दाराच्या खालच्या कडेत सागवानाचा ठोकळा अडकवायचा, वरून खांदा लावून चौकट आत रेटायची, आणि रेटून धरलेली असतानाच बोल्ट आवळायचे. एकट्या माणसाचं हे काम नव्हे, पण ते कुणाला हात लावू देत नसत. वरचा कोपरा बसला की मागचा सुटायचा. दोन्ही बसले की काच खाचेत अडकायची, वर जाईना की खाली येईना. त्यातून दाराच्या आत लाकडाचा सांगाडा. पावसाळ्यात तो फुगायचा, उन्हाळ्यात आकसायचा, आणि एका ऋतूत बसवलेली चौकट दुसऱ्या ऋतूत पुन्हा तोंड वासायची. चांद्याचा एक मिस्त्री म्हणाला होता, रबर भरा आणि विसरून जा. त्या मिस्त्रीचं नाव काढलं तरी हे थुंकायचे.

फट राहिली की गेली हे तपासायची त्यांची रीत आमच्या मुलखातली होती. तेंदूचं ताजं पान घ्यायचं, विड्या वळतात ते. ते चौकटीच्या कडेला धरून दार लावायचं आणि बाहेरून ओढायचं. पान अख्खं निघालं तर फट आहे. पान फाटलं तर नाही. "पान फाटलं पायजे बाई," ते म्हणायचे. "चारी बाजूनं फाटलं पायजे." तेंदूचा हंगाम नसला की विडीवाल्याकडून वाळलेली पानं आणून पाण्यात भिजवायचे. दवाखान्यातून परतताना मला अंगणात अख्ख्या पानांचा पसारा दिसायचा आणि त्यात बसलेले घरमालक. मी चिडवायची, "भाऊ, या दाराला आता उजवून टाका. फार वर्षं घरात राहिलं." ते म्हणायचे, "वच्छीच्या आधी नाई."

वच्छीचं लग्न झालं, वडशाला दिली. भाताच्या व्यापारात असलेलं घर, माणसं बरी. ती गेल्यावर म्हातारा अगदी एकटा पडला आणि दाराच्या मागे जास्तच लागला. मग फाल्गुनात वच्छी परत आली, पोट घेऊन, पहिल्या बाळंतपणाला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. माहेरी आई नव्हती. बाप होता आणि मी होते.

त्या दिवसापासून घरमालकांना दुसरं काही सुचेना. वैशाखात लाकूड आकसलं होतं, फट नेहमीपेक्षा मोठी झाली होती. दिवस भरायला अजून अवकाश होता, तेवढ्यात चौकट एकदाची कायमची बसवायची असं त्यांनी मनावर घेतलं. अस्तर उतरवलं, बोल्ट काढून तेलात टाकले. वच्छी ओसरीवर पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "बाबा, मी घरीच बाळंत होणार. मोटारीत कायले बसू?" ते ठोकळा ठोकत म्हणायचे, "नको बसू. पण दार तयार पायजे."

ती दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. सकाळच्या पहिल्या उन्हात. मुलगा झाला, लहानसा पण रडका. मी खूश होते. शेजारची म्हातारी बाळाला न्हाऊ घालत होती, एवढ्यात मी वच्छीकडे पाहिलं. अंथरूण भिजत चाललं होतं. पोट चोळलं, जवळ होतं ते इंजेक्शन दिलं, बाजेचं पायथ्याचं अंग विटांवर चढवलं. रक्त थांबेना. डॉक्टर दौऱ्यावर. मी उठले आणि अंगणात मोटार ठेवायचं छप्पर होतं तिकडे धावले.

"भाऊ, मोटार काढा. चांद्याला न्यायचं."

दाराला खांदा लावून ते उभे होते. "झालंच बाई. एक कोपरा राह्यला."

"कोपरा राहू द्या! दार दोरीनं बांधा आणि चला. रक्त थांबत नाही."

"कान बांधले का तिचे?"

"बांधले. चला लवकर."

"येतो ना जी. फटीतून तिले वारा लागला तं? ओली बाळंतीण होय थे. तिची माय अशीच गेली."

मी परत आत गेले. वच्छीचे ओठ पांढरे पडायला लागले होते. "बाई, बाबाले बोलवा," ती म्हणाली. मी शेजारच्या घरातल्या बाप्याला लॉरी मिळते का बघायला पिटाळलं. तो हात हलवत परत आला. बाजाराचा दिवस नव्हता, रस्ता मोकळा पडला होता, सकाळची आगगाडीही निघून गेली होती. पुन्हा छपरात धावले. ते पान ओढत होते. पान अख्खं निघालं. त्यांनी ते टाकलं आणि पुन्हा ठोकळा उचलला.

तेव्हा माझा तोल गेला. मी त्यांचा दंड धरून ओरडले, "तुमच्या बायकोला वाऱ्यानं नाही मारलं, रक्तानं मारलं! आणि तुमच्या पोरीलाही आता तेच मारतंय!"

त्यांनी ऐकलं. नीट ऐकलं, याबद्दल मला शंका नाही. त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांवर होते. ते हळूच म्हणाले, "थे मी पाह्यलं बाई. तुमी नाई पाह्यलं." आणि माझा हात सोडवून त्यांनी चौकटीला पुन्हा खांदा दिला.

शेजारची म्हातारी आणि मी मिळून वच्छीला चादरीत उचलून ओसरीपर्यंत आणली. तेवढ्यात छपरातून आवाज आला, "फाटलं!" मग पुन्हा, "इथीबी फाटलं!" चारी बाजूंनी पान फाटलं होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते मोटार बाहेर घेऊन आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. तो चेहरा मला अजून दिसतो. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या हातात काही असतं तर मी त्यांच्या डोक्यात घातलं असतं.

आम्ही निघालो. वच्छीचं डोकं माझ्या मांडीवर. बाळ शेजारणीपाशी ठेवलं होतं. मोटारीत शीळ वाजली नाही, वाऱ्याचा एक धागा आत आला नाही. वैशाखाचं ऊन छतावर पडत होतं आणि आत श्वास घ्यायला हवा नव्हती. जंगल लागलं. वच्छीचा श्वास वरच्या वर व्हायला लागला. अंगात रक्त उरलं नाही की माणूस हवेसाठी तडफडतं. मी ते पूर्वी पाहिलं होतं. पण ज्या पोरीने माझ्या ताटात रोज एक भाकरी जास्त वाढली तिचं पाहत होते, ते वेगळं.

"बाई, वारा येऊ द्या ना," ती म्हणाली.

त्या दाराला तेवढं हँडल ठेवलेलं होतं, चौकट तपासायला. मी ते फिरवलं. काच हलेना. चौकट इतकी घट्ट बसली होती की काच खाचेत गच्च धरली गेली होती. मी दोन्ही हातांनी जोर केला. "भाऊ, थांबवा! दार उघडा! तिला हवा पाहिजे!"

ते समोर बघत मोटार हाकत राहिले.

मग वच्छी स्वतः म्हणाली. आवाज उरला नव्हता, तरी त्यांना ऐकू गेला. "बाबा, हवा द्या जी."

एका मोहाच्या झाडाखाली त्यांनी मोटार उभी केली. उतरून या बाजूला आले. दार निघेना. त्यांनी मोटारीला पाय लावून दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा ते उघडलं, आणि बाहेरचा वारा, धूळ आणि वाळका पाचोळा घेऊन, भसकन आत आला. गरम वारा होता. घरमालक त्या दारात उभे राहिले आणि त्यांनी धोतराचा सोगा दोन्ही हातांनी पसरून धरला. वारा अडवायला. मला वाटतं, आपण काय करतो आहोत हे त्यांनाही कळत नव्हतं.

"सरका ना बाबा," वच्छी म्हणाली.

ते सरकले. तिने वाऱ्याकडे तोंड केलं. कपाळावरचे केस उडाले. "आता बरं वाटते," ती म्हणाली. थोड्या वेळाने मी तिचे डोळे मिटले.

घरमालकांनी कानाचा मफलर सोडला आणि तो हातात घेऊन ते रस्त्यावर तसेच उभे राहिले. मग मोटार वळवली. दार लावायचं भान कुणालाच नव्हतं. मूल गाव येईपर्यंत ते हिसक्या-हिसक्याला उघडत होतं आणि आपटत होतं.

बाळ जगलं. बारावं झाल्यावर वडशाची माणसं त्याला घेऊन गेली. ती माणसं घरमालकांना एक शब्दही बोलली नाहीत, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर एका सकाळी मी उठले तर ते छपरात बिजागऱ्या सोडवत होते. दार त्यांनी खांद्यावर घेतलं आणि गोठ्याच्या भिंतीला उभं केलं. पुढे त्याच्या चौकटीवर कोंबड्या बसायच्या.

मी त्यांना भाऊ म्हणणं सोडलं. बोलणंच सोडलं म्हणा ना. दुसरी खोली शोधली, मिळाली नाही. खरं म्हणजे मी नीट शोधलीही नाही. मावळतीकडची खिडकी मी मुद्दाम सताड उघडी टाकायची. काठीची टक्क ऐकू येईल म्हणून वाट बघायची. ती कधीच आली नाही. घरातल्या भेगांतल्या चिंध्या हळूहळू गळून पडल्या आणि त्यांनी त्या उचलल्या नाहीत.

मोटार मात्र त्यांनी सोडली नाही. पावसाळा संपता संपता एका खेड्यातून माणूस आला, बाई अडली म्हणून. मी पेटी घेऊन बाहेर पडले तर मोटार दारात सुरू होती. आता ते मला कान बांधले का असं विचारत नव्हते. "रक्त किती चाललं?" एवढं विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत गिअर टाकलेला असायचा. मी दाराच्या भगदाडाशी बसायची. अंगावर चिखल उडायचा, झाडाच्या फांद्या लागायच्या. दोघं न बोलता जायचो, न बोलता यायचो.

असंच एकदा पुसात एका तळ्याकाठच्या वस्तीत गेलो. तळ्यावर मासे धरून राहणारी माणसं. कोवळी पोर होती, पहिलटकरीण, आणि वच्छीसारखंच झालं होतं. बाळ झालं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. बाजेसकट तिला मोटारीपाशी आणली आणि तिची सासू आडवी उभी राहिली. काटक बाई, पदर खोचलेला.

"या मोटारीत?" ती म्हणाली. "एवढ्या थंडीत? याले तं दारच नाई! ओल्या बाळंतिणीले वारा लागन. मरन ना थे!"

मी समजावलं. मी रागावले. दवाखान्याचं नाव सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. ती हटेना. "वारा लागून बाया मेल्या, मी पाह्यल्या," ती म्हणाली. पोरीचा नवरा आपल्या आईकडे बघत होता, बाकीचे तिच्या बाजूने माना डोलावत होते, आणि बाजेखालच्या मातीत लाल ठिपके पडत होते.

घरमालक मोटारीतून खाली उतरले. वस्तीतल्या माणसांत उभं राहून त्यांना बोलताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"वारा लागन, माय," ते त्या बाईला म्हणाले. "लागू द्या. वाऱ्यानं जीव जात नाई."

"तुमाले काय मालूम?"

"मले मालूम. याच मोटारीत माही पोरगी गेली. तवा दार होतं. मी असं बसवलं होतं का एक झुळूक आत नाई आली. थे बसवत बसलो आन् वेळ गेला. रस्त्यात पोरगी हवा मांगे. मी दार खोललं, वारा लागला, तं म्हणे, आता बरं वाटते." ते थांबले. तोंडातून वाफ निघत होती. "थे मी पाह्यलं, माय."

ती सासू त्यांच्याकडे बघत राहिली, मग मोटारीच्या भगदाडाकडे बघितलं. मग तिने खोचलेला पदर आणखी घट्ट खोचला आणि मला म्हणाली, "धरा जी पायाकडून."

आम्ही पोरीला आत निजवलं. सासू माझ्या आधी चढली आणि भगदाडाशी बसली, रस्त्याकडे पाठ करून, सुनेचं डोकं पोटाशी धरून. घरमालकांनी मोटार अशी हाकली की रस्त्यातले खड्डे मला एक-एक आठवतात. त्यांच्या कानांना मफलर नव्हता. कान थंडीने लाल झाले होते.

ती पोर वाचली. चांद्याच्या दवाखान्यातून घरी परत गेली. तिला मुलगा झाला होता की मुलगी, ते मात्र आता माझ्या लक्षात नाही.

त्या दिवशी तिला दवाखान्यात सोपवून आम्ही दोघंच परतलो. पहिल्यांदाच मी पुढच्या सीटवर, त्यांच्या शेजारी बसले. मोहाचं ते झाड आलं तेव्हा त्यांनी मोटार हळू केली, थांबवली नाही. घरासमोर मी उतरले, पेटी घेतली आणि खोलीकडे वळले, तेव्हा ते मागून म्हणाले, "बाई, थंडी लई हाये. आज तरी खिडकी लावून झोपा."

मी वळून पाहिलं. ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच बघत होते.

"लावते, भाऊ," मी म्हटलं.